फावड्यावरचा हात

एल्बे नदीकाठचं खाजण,
मायकेल संताची जत्रा उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी

हार्म,

तू धडधाकट आहेस असं धरून चालते. आम्ही आहोत. गाय आटली, कुत्रा म्हातारा झाला, मी अजून झाले नाही.

ट्योनिस नाखवा परवा सफरचंदं भरायला आला. होडीतूनच ओरडला, "गेशेआजी, ऐकलंस का? तुझा हार्म कोपनहेगनला राजाचा पहिला मंत्री झाला!" मी म्हटलं, "आधीचा कुठं गेला?" तर म्हणतो, "असेल कुठंतरी." मी म्हटलं, "कुठंतरी म्हणजे कुठं?" त्यानं टोपी सारखी केली आणि टोपल्या उचलायला लागला. मला कळायचं ते कळलं.

तू कायदा शिकलास, परक्या देशाच्या राजाला शहाणपण शिकवायला गेलास, तिथली बायको केलीस, ती बिचारी बाळंतपणात गेली, आणि आता पोरीला कडेवर घेऊन राज्य हाकतोस. मला कौतुक नाही असं नाही. पण कौतुकानं बांध उभा राहत नाही.

इथली बातमी ऐक. जत्रेआधी बांधपाटील विखर्स घोड्यावरून बांधाच्या पाहणीला आला. पेटर हाइनच्या वाट्याच्या बांधाला हे एवढं भगदाड. हाइनचा दम संपला होता. त्यानं फावडं आणलं, बांधाच्या माथ्यावर रोवलं आणि बायकापोरांसकट गाव सोडला. घर, गाय, शेत, सगळं टाकून. कुणी अडवलं नाही, कुठं जातोस म्हणून विचारलं नाही. फावडं रोवलेल्याला प्रश्न विचारायचा नाही, हा आपला कायदा तुझ्या राजाच्या पणजोबापेक्षा जुना आहे. ते फावडं मग योहान क्वास्टनं उपटलं. हसत हसत उपटलं, कारण हाइनचं शेत त्याला मिळालं. भगदाडही मिळालं, ते त्याच्या टाळक्यात शिरायला वेळ लागेल.

तेव्हा सांग, तू कुणाचं फावडं उपटलंस?

त्या नाताळच्या पुरात तुझे आईबाप गेले आणि तू सफरचंदांच्या टोपलीत तरंगत माझ्या छपराला येऊन लागलास. एवढंसं पोर. चहूकडे मेलेली गुरं वाहताहेत आणि तू टकामका बघतोयस. रडलासुद्धा नाहीस. लोक म्हणाले, केवढं धीराचं पोर! मला तेव्हाच धस्स झालं. तुला भ्यायचं कधी तेच कळत नाही, हार्म. तुझ्या वाट्याचं भिणंही मलाच भ्यावं लागतं, आणि मला गुरांचंही बघायचं असतं.

आनेकेला पापा. तिला लोकरीचे मोजे पाठवलेत, राजवाड्यात पाय गारठतात म्हणे.

आजी गेशे

*

कोपनहेगन, ९ नोव्हेंबर

प्रिय आजी,

तुझं पत्र मी राजेसाहेबांना वाचून दाखवलं. आटलेल्या गाईपाशी ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. हल्ली ते क्वचित हसतात. दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाहीत, लोकांना भेटावंसं वाटत नाही, कागद पुढे केला की तोंड भिंतीकडे करतात. गेल्या आठवड्यात त्यांनी आपली मोहोर माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हार्म, तूच उठवत जा. मला विचारू नकोस." आजी, खाजणातल्या पोराच्या हातात एका राज्याची मोहोर! तू पाहायला हवी होतीस.

मी वेळ वाया घालवलेला नाही. कुळांना फटके मारण्याची सरदारांची मुभा काढून घेतली. त्यांच्या हुजऱ्यांना सरकारी नोकऱ्या देणं बंद केलं. राजवाड्यावरचे निम्मे पहारेकरी कमी केले, उगाच पोसलेले होते. जनरल रावनस्ट्रुप थोडे नाराज आहेत, पहारा त्यांच्या हाताखाली येतो म्हणून. पण माणूस सभ्य आहे. परवा मला त्यांनी स्वतः मारलेल्या हरणाच्या मांसाचं लोणचं पाठवलं. माझ्या ताटातलं आधी एक माणूस चाखतो, इथं ती मानाची पद्धत आहे, नाहीतर सगळं मीच फस्त केलं असतं.

आधीचे मंत्री समुद्रातल्या एका बेटावर विश्रांती घेताहेत. हवा चांगली आहे म्हणतात.

फावड्याचा कायदा शेतकऱ्यांचा, आजी. इथं माणसाला नोकरी सोडायची तर राजाकडे रजा मागतात, राजा देतो. बस्स. आनेकेला मोजे फार आवडले. फ्रेंच बोलते आता. राजेसाहेबांच्या पिंजऱ्यातल्या पोपटाला आपली खाजणातली शिवी शिकवलीन, ती नेमकी कुठून शिकली ते मी विचारलं नाही.

तुझा हार्म

*

खाजण,
मार्टिन संताच्या सणाचा हंस कापून झाल्यावर, पहिल्या बर्फाच्या आत

हार्म,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा उजेडात, एकदा विखर्सच्या चष्म्यातून.

लोणचं तुला कुणी पाठवलं? ज्याची माणसं तू कमी केलीस त्यानं. आणि चाखायला माणूस ठेवलाय तो मानासाठी? अरे माझ्या राजा, आमच्याकडेही कुत्र्याला आधी घास टाकतात, पण त्याला मान म्हणत नाहीत. लोणचं खाऊ नकोस. चाखणाऱ्यालाही देऊ नकोस, त्याला आई असेल.

दुसरं. दुसऱ्याच्या नावानं मोहोर उठवतोस. राजा भिंतीकडे तोंड करून निजलाय, उद्या तो इकडे वळला आणि म्हणाला, "मी नाही दिली," तर? तुझ्या बाजूनं कोण बोलेल? पोपट?

तिसरं. तुझ्या पत्राच्या लाखेखाली दुसरी लाख आहे. मी चाकूनं खरवडून पाहिली. खालची लाल, वरची जरा काळपट. तुझं पत्र माझ्याआधी कुणीतरी वाचलंय. माझंही वाचत असेल. वाचू दे. ए बाबा, तू जो कोण हे वाचतोयस, तुझ्या घरी म्हातारी असेल तर तिला विचार मी काही खोटं बोलतेय का.

क्वास्टनं भगदाड बुजवलं. लोक म्हणाले, वा, किती झटपट! मी जाऊन काठी खुपसली. काठी आत गेली तशी मीच पडायची. आत पेंढा भरलाय, वर गवताची ढेपळं बसवलीत. हिरवंगार दिसतं. मी म्हटलं, "क्वास्ट, हे वायव्येच्या वाऱ्याला टिकायचं नाही." तर म्हणतो, "म्हातारे, घरी जाऊन कोबी ढवळ." तो हसला की मला तुझं पत्र आठवतं.

आणि एक लक्षात ठेव, लहानपणी सांगितलंय तरी. फावडं कोरड्यावर रोवायचं असतं. पाणी चढल्यावर रोवून जो निघाला त्याला कायदा नाही, तो पळपुटा. पळपुट्याचं जुन्या काळी काय करायचे ते माझ्या आजीनं मला सांगितलं होतं. भगदाड बुजवायला माती कमी पडली की काय टाकायचे ते. मी कागदावर लिहीत नाही.

आनेकेला ईस्टरला माझ्याकडे पाठव. कोकरं होतील तेव्हा. कोकरांसाठी पाठव असं म्हण.

आजी

*

कोपनहेगन, १७ जानेवारी

परमप्रिय आणि आदरणीय आजी,

ईश्वराच्या आणि राजेसाहेबांच्या कृपेनं मी सुखरूप आहे. हवा उत्तम आहे. राजेसाहेबांचं माझ्यावर पित्यासारखं प्रेम आहे आणि मी त्यांच्या इच्छेवाचून आजवर एकही कागद पुढे केलेला नाही, हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं.

जनरलसाहेबांनी माझ्या काळजीपोटी माझ्या दाराशी नवे शिपाई ठेवले आहेत. फार शिस्तीचे आहेत, बोलत नाहीत. मी बाहेर निघालो की दोघं मागून येतात, थांबलो की थांबतात. माझी आचारीणबाई, आपल्या बाजूच्या श्टाडे गावची, सुट्टी न मागता निघून गेली. तिचे लाकडी जोडे चुलीपाशी तसेच आहेत. चाखणारा माणूस आजारी पडला होता, वारला. वय झालं होतं म्हणतात. माझ्याहून लहान होता.

बेटावर विश्रांती घेणारे गृहस्थही गेल्याची बातमी आली.

आनेकेला कोकरं पाहायची फार हौस आहे. परंतु मंत्र्याच्या घरातल्या कुणालाही शहराबाहेर जायचं तर परवाना लागतो, तो जनरलसाहेब देतात, आणि त्यांनी प्रेमानं सांगितलं की एवढ्या गोड मुलीला ते आपल्या नजरेआड होऊ देणार नाहीत. ती हल्ली माझ्या बाहीला धरून झोपते.

राजेसाहेबांना तुझी फावड्याची गोष्ट फार भावली होती. त्यांना एक शंका आहे, तेवढी कळव. पेटर हाइन निघाला, तेव्हा आधी तो निघाला की पोरं? आणि लोक त्या वेळी कुणाकडे बघत होते?

आपला आज्ञाधारक नातू,
हार्म

*

खाजण,
फेब्रुवारी सरता सरता. बर्फ यंदा धरलंच नाही, वारे तेवढे आहेत

हार्म,

तुझ्या "परमप्रिय आणि आदरणीय"पाशीच मला घाम फुटला. जन्मात तू मला आदरणीय म्हटलं नाहीस. तीन दिवस चूल पेटवायची शुद्ध नव्हती. कुत्राही उपाशी राहिला आणि माझ्याकडे रागानं बघत होता. मग उठले. बसून राहण्यानं कुणाचं भलं झालंय?

राजेसाहेबांना माझा नमस्कार सांग आणि त्यांची शंका अशी फेड.

पोरं आधी. नेहमी पोरं आधी. माणूस बांधाच्या माथ्यावर उभा राहतो, फावडं रोवतो, आणि दांड्यावरचा हात सोडत नाही. जोवर हात दांड्यावर आहे तोवर बांध त्याचा. आता सोडतो की मग सोडतो, उपटायला कोण पुढे येतो, सगळा गाव त्या हाताकडे डोळे लावून असतो. दरोडा पडला तरी कुणाला कळायचं नाही. तेवढ्यात त्याची माणसं खालच्या वाटेनं चालू लागतात. ती देवळाच्या पलीकडे दिसेनाशी झाली की तो हात सोडतो. त्याआधी नाही. हाइन बोलत होता त्या वेळी. त्याला बोलता येत नाही, तरी बोलत होता. आपल्या बापाचं, गुरांचं, पावसाचं. लोक ऐकत राहिले. तुला तर बोलायचं शिकवायला नको, देवळात पाद्री थकायचा आणि तू प्रश्न विचारत असायचास.

ट्योनिस मार्चमध्ये तिकडे येतोय, राजवाड्याच्या कोठीला सफरचंदं घालायला. थंडीतली, सुरकुतलेली आहेत पण गोड आहेत. माझ्या आईची मोठी टोपली पाठवलीय. दरसाल तिला नवी काडी घालते, अजून मजबूत आहे. रिकामी तिथं टाकून देऊ नका, मला परत हवी. ती किती भार पेलते ते तुला सांगायला नको. वरून थोडा पेंढा घाला, म्हणजे वाटेत मोडायची नाही.

पोरगी बाहीला धरून झोपते तर झोपू दे. पण तिला गप्प बसायला शिकव. पोपटाला शिवी शिकवणारी पोर आहे, तेवढं एकच मला भय आहे. एकच नाही. पण तेवढंच लिहिते.

आजी

*

कोपनहेगन, २२ मार्च

आजी,

राजेसाहेबांचं समाधान झालं. परवा त्यांचा वाढदिवस. सगळा दरबार भरेल, जनरलसाहेब आणि त्यांचे सगळे अधिकारी असतील, पहाऱ्याची माणसंही दिवाणखान्यातच मानवंदनेला उभी राहतात. मी बोलायची परवानगी मागितली आहे. मोहोर परत करणार आहे. लांब बोलेन.

सफरचंदं पोचली. गोड आहेत. तुझी टोपली ट्योनिसबरोबर परत येईल.

आनेकेशी आम्ही एक खेळ खेळतो. ती कपाटात बसते आणि मी दार वाजवतो, ओरडतो, पाय आपटतो. तिनं आवाज काढायचा नाही. पहिल्यांदा हसली. आता हसत नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. फावडं उपटायला कुणी पुढे आलंच नाही, तर काय होतं?

हार्म

*

खाजण,
ईस्टरच्या रविवारनंतर

हार्म,

टोपली पोचली.

ट्योनिसनं ती माझ्या ओट्यावर ठेवली, म्हणाला, "गेशेआजी, मी काही पाहिलं नाही," आणि निघून गेला. एरवी पेला भरून घेतल्याशिवाय हलत नाही. पेंढा काढला. एक फळ जरा दबलेलं, बाकी अख्खं. नाकाला तेवढी काडी ओरबाडलीय. मी म्हटलं, "बाहेर ये." आली नाही. मी म्हटलं, "बाहेर ये, मी तुझ्या बापाची आजी." तर म्हणते, "खूण सांग." मी तिला तीच शिवी दिली जी तिनं पोपटाला शिकवलीन. तेव्हा आली.

आता तू कुठं आहेस ते सांग. ट्योनिसला काही ठाऊक नाही. तो शीड उभारून निघाला तेव्हा राजवाड्यात वाजंत्री चालू होती, एवढंच सांगतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुणी उपटलं नाही तर पाणी येतं. आपल्याकडे उपटलं तरी आलंच. वायव्येचा वारा सुटला आणि क्वास्टचा पेंढा पहिल्याच लाटेला बाहेर. क्वास्ट फावडं घेऊन धावत आला, गुडघाभर पाण्यात रोवायला लागला. विखर्स ओरडला, "आता नाही! आता हातात धर आणि माती टाक!" क्वास्टनं फावडं टाकलं आणि पळाला. त्याला लोकांनी धरला. पुढचं मी पाहिलं नाही, पोरगी घरात होती. भगदाड बुजलंय. क्वास्ट दिसत नाही. कुणी बोलत नाही, मीही विचारलं नाही.

तू कोरड्यावर होतास ना, हार्म? एवढं एकच कळव. होतास ना?

आजी

*

किल्ल्यातून. तारीख ठाऊक नाही, खिडकीतून पाकोळ्यांचा आवाज येतो म्हणजे मे असावा

आजी,

हे पत्र पाद्रीबाबा कोटाच्या अस्तरात शिवून नेताहेत, आपल्या श्टाडेचेच आहेत. म्हणून पहिल्यांदाच खरं लिहितो.

मी मोहोरेची पेटी राजेसाहेबांच्या मेजावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बोलायला लागलो. आजी, आयुष्यात मी एवढं कंटाळवाणं कधी बोललो नव्हतो. बांधाबद्दल बोललो. गवताची ढेपळं कशी बसवतात, उंदरांची बिळं कशी शोधतात. जनरलसाहेब माझ्या हाताकडे बघत होते, सगळेच हाताकडे बघत होते. मी त्यांच्या डोक्यांवरून खिडकीकडे बघत होतो. तिथून बंदर दिसतं. एक तपकिरी शीड इतकं हळूहळू चाललं होतं की मला त्याला मागून ढकलावंसं वाटत होतं. किल्ल्याच्या टोकाशी ते थांबलं. तिथं तपासणी होते. माझं बोलणं तिथं संपलं होतं, शब्दच उरले नव्हते. मग मी तुझ्या आटलेल्या गाईची गोष्ट सांगितली. राजेसाहेब हसले. एकटेच.

शीड हललं. टोकाच्या पलीकडे गेलं. मी हात सोडला.

आणि मग मी काय केलं ते ऐक, म्हणजे तूही हसशील. मी वाकून नमस्कार केला आणि दाराकडे चालू लागलो. अगदी हाइनसारखा. पळत नव्हतो, घाबरलेला नव्हतो. मनापासून वाटत होतं की आता मला कुणी हात लावायचा नाही, मी रोवलंय. एवढे कायदे शिकलो, आणि ऐन वेळी अंगातून निघाला तो खाजणातला! दाराशी दोघांनी मला धरलं तेव्हा मी त्यांना म्हणालो, "असं करता येत नाही." त्यांना वाटलं मी वेडा झालो.

मागे वळून पाहिलं. पेटी तशीच होती. कुणी पुढे येईना. मग जनरलसाहेब आले आणि उचलली. हसत.

चौकशीत राजेसाहेबांना विचारलं गेलं, मोहोर आपण दिली होती का? त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

तर आजी, पाणी चढलेलं होतं. गुडघ्याच्या वर. तू लिहिलंस तेव्हाच चढलेलं होतं, मला दिसलं नाही. आता दिसतं. आता मला भीती वाटते, आजी. रोज, सकाळी कडी वाजली की. तुझ्याकडची थोडी मी परत घेतली असं समज.

जनरलला टोपलीचा अंदाज आलेला आहे. सांभाळ.

हार्म

*

कोपनहेगन, ३० मे

खाजणात राहणाऱ्या विधवा गेशे हिस,

वरिष्ठांच्या आज्ञेवरून कळविण्यात येते की, माजी मंत्र्याच्या खटल्याचा निकाल लागलेला असून त्याची सर्व मालमत्ता जप्त झालेली आहे. आरोपीची अज्ञान मुलगी परवान्याशिवाय शहराबाहेर नेण्यात आली असून ती आपल्याकडे असल्याचे आढळून आले आहे. तिच्या संगोपनाची व्यवस्था येथे करण्यात आलेली आहे. तुमच्या सरकारशी बोलणे झाले असून, त्यांचा माणूस मुलीला ताब्यात घेण्यास येईल. मुलगी घरात नसल्यास ती कोठे आहे हे सांगणे आपणांवर बंधनकारक राहील.

आपण आरोपीस यापुढे पत्रे पाठवू नयेत. ती पोचणार नाहीत.

जनरलसाहेबांच्या वतीने,
चिटणीस

*

खाजण. आता माझं नाही, पण अजून इथंच बसून लिहिते
गवत कापणी, सगळं कोरडं ठणठणीत

हार्म,

या वेळी तू धडधाकट आहेस असं धरून चालत नाही. पत्र पोचणार नाही म्हणतात. बरं झालं. न पोचणारं पत्र कुणी फोडत नाही, मोकळेपणानं लिहिता येतं.

त्यांचा माणूस आज आला. तरणा घोडेस्वार, नव्या कोटातला, कागद हातात. वाटेवरच्या पोरांनी पळत येऊन आधीच सांगितलं. मी पोरीला म्हटलं, "मोजे घाल." तिनं का म्हणून विचारलं नाही. विखर्सला निरोप धाडला की पाहणीला ये. तो आला, म्हणतो, "उन्हाळ्यात कसली पाहणी, गेशे?" मी फावडं घेतलं, तुझ्या आज्याचं, आणि बांधावर चढले. गुडघे कुरकुरले. माझ्या वाट्याचा बांध तुला आठवतो, एक बीळ सापडायचं नाही त्यात. माथ्यावर जाऊन फावडं रोवलं.

कापणीची माणसं होती तिथं राहिली. मग एकेक करून वर आली. विखर्सचं तोंड उघडं ते उघडंच. "गेशे, अगं, हा तर खाजणातला सगळ्यात पक्का बांध! झेपत नाही म्हणतेस? तुला?"

मी म्हटलं, "फावडं रोवणाऱ्याला प्रश्न विचारायचा नसतो, पाटील."

त्यानं घोडेस्वाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग टोपी काढली. बाकीच्यांनीही काढल्या. तो घोडेस्वार इथलाच निघाला, वरच्या खाजणातला, त्यालाही कायदा ठाऊक. कागद हातात घेऊन उभा. मुलगी कुठं आहे एवढं विचारायला तो आला होता, आणि तेवढंच त्याला विचारता येईना. डोळे लावून माझ्या हाताकडे बघत होता.

मी बोलत होते. काय बोलले देव जाणे. क्वास्टला शिव्या दिल्या, पाद्र्याला दिल्या, तुझ्या आज्याला दिल्या, तो मेलाय तरी. आणि त्यांच्या डोक्यांवरून खालच्या वाटेकडे बघत होते. पोर चालत होती, कुत्रा बरोबर. तिला सांगितलं होतं, पळायचं नाही, मागे बघायचं नाही. मध्येच तो मेला कुत्रा बसला. म्हातारा झालाय ना. ती थांबली. मी आणखी मोठ्यानं शिव्या दिल्या. तिनं त्याला उचलून घेतला आणि पुन्हा चालायला लागली.

देवळाच्या पलीकडे गेली. तरी मला हात सोडवेना. विखर्सनं हळूच माझी बोटं सोडवली आणि फावडं उपटलं. हसला नाही.

कुठं जातोय ते लिहीत नाही. तुझ्यापासून लपवत नाही, कागदापासून लपवते. टोपली पाठीवर घेतलीय.

तू जिवंत असशील तर एवढं ऐक. लोक म्हणतात पोर तुझ्यावर गेलीय. नाक तुझं आहे, पण बाकी नाही. दार वाजलं की ती टोपलीत शिरते आणि पेंढा अंगावर ओढून घेते, मी हाक मारली तरी खूण विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. ही भिते, हार्म. ही जगेल.

आजी